चौथा लाल

ग्लास तोंडाला लावलेला असताना त्याला दुसरा आवाज ऐकू आला. पहिला आवाज रोजचाच होता, पांढरा चेंडू दुसऱ्या एखाद्या चेंडूवर आदळल्याचा, आणि त्याने तिकडे लक्षही दिलं नव्हतं. पण थोड्या वेळाने एक बारीकसा कोरडा 'टक्' आला आणि पाणी त्याच्या घशातच अडकलं. ठसका लागला. स्नूकरच्या हॉलमध्ये खोकतानासुद्धा शिस्तीत खोकावं लागतं, म्हणून त्याने टॉवेल तोंडावर दाबून धरला, मान खाली घातली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत आवाज आतल्या आत जिरवला. मान वर केली तेव्हा सगळे चेंडू थांबले होते. प्रतिस्पर्धी आपल्या खुर्चीकडे परतला होता. आणि टेबलाच्या ज्या टोकाला हिरवा, तपकिरी आणि पिवळा असे तिघे एका ओळीत बसतात, तिथली मधली जागा मोकळी पडली होती.

आता पाळी त्याची होती. तो उठला. वेस्टकोट खाली ओढला, खडू क्यूच्या काठीच्या टोकावर उगाचच दोनदा जास्त फिरवला आणि टेबलाभोवती चालायला लागला. या चालण्यावरूनच खेळाडूंच्या घोळक्यात त्याला 'सावकाश' म्हणायचे. सोळा वर्षांत त्याने कुठलाही चेंडू टेबलाला एक फेरी मारल्याशिवाय खेळला नव्हता. समालोचक कौतुकाने सांगायचे की हा माणूस विचार करतो, याच्याकडे धीर आहे, आजकालच्या पोरांकडे तो राहिलेला नाही. कसला विचार आणि कसला धीर. तो मोजत असायचा. लाल किती उरले, तपकिरी कुठे आहे, आणि मघाशी होता तिथेच आहे का. कारण त्याच्या डोळ्यांना लाल आणि तपकिरी यांत काडीचा फरक दिसत नव्हता, कधीच दिसला नव्हता, आणि ही गोष्ट जगात फक्त त्याच्या बायकोला माहीत होती.

आज त्याने मोजले. फळ्यावरच्या हिशोबाने तीन लाल उरले होते. टेबलावर चार दिसत होते.

फ्रेम शेवटची होती. तीन-तीन अशी बरोबरी, आणि ही सातवी. हंगामातली क्रमवारीची ही अखेरची स्पर्धा. ती संपली की पहिले चौसष्ट खेळाडू पुढच्या वर्षी सर्किटवर राहणार आणि बाकीचे घरी जाणार. तो आज सकाळी पासष्टावा होता. ही मॅच जिंकली की एकसष्टावा, हरली की कोणीच नाही. इतका सरळ मामला होता. वय एकोणचाळीस. खाली घसरून पुन्हा पात्रता फेऱ्यांतून वर यायचं तर त्या विशीतल्या पोरांशी दिवसाला तीन-तीन मॅचेस खेळायच्या, आणि त्याची कंबर आता दोन तासांनंतरच कुरकुर करू लागते. या फ्रेममध्ये तो सत्तावीस गुणांनी पुढे होता. दोन लाल आणि त्यांच्यामागून दोनदा काळा, एवढं जमलं की समोरच्याला काही उरत नव्हतं. हातातोंडाशी आलेली गोष्ट होती.

चारपैकी एक चेंडू मधल्या पॉकेटच्या अगदी तोंडाशी येऊन थांबला होता. फुंकर मारली तरी पडावा असा. दुसरे दोन काळ्याच्या आसपास, जरा अडचणीत. चौथा उजवीकडच्या गादीला, म्हणजे टेबलाच्या रबरी कडेला, चिकटून. यातला कोणता तपकिरी? पाळी लालनेच सुरू करायची असते, चुकून तपकिरी मारला तर फाउल. डेंटिस्टचा पांढरा चेंडू परत येताना शेवटच्या गादीवर आपटून उलटला असणार आणि त्याने तपकिरीला टेबलावर वर ढकललं असणार, एवढं त्याला कळलं. डेंटिस्ट म्हणजे प्रतिस्पर्धी. दातांच्या कॉलेजातून दुसऱ्या वर्षी पळून आलेला, थंड डोक्याचा गडी, आणि त्याच्याशी खेळताना आपण खुर्चीत आ करून पडलोय असंच वाटतं, असं सगळे म्हणायचे. तपकिरी वर गेला, पण किती वर आणि कुठल्या कोनात, ते पाहायला डोळे हवे होते, आणि डोळे तेव्हा टॉवेलात होते.

विचारायचं. दोन शब्दांचं काम होतं. ब्राउन कुठला? पंच बाई त्याच्यापासून चार हातांवर उभ्या होत्या, पांढरे हातमोजे पाठीमागे जुळवून. नियम स्पष्ट आहे. एखाद्याला रंग ओळखू येत नसेल आणि त्याने विचारलं तर पंचाने सांगायचं. विचारलं नाही तर मात्र तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. नियमांच्या पुस्तकातली ती ओळ त्याने सतराव्या वर्षी वाचली होती आणि त्याला इतका आनंद झाला होता की जणू कोणी ती त्याच्यासाठीच मुद्दाम घातली होती. मग त्याने पुस्तक मिटून ठेवलं. पुढे एकदा हॉटेलच्या खोलीत आरशासमोर उभं राहून त्याने ते दोन शब्द म्हणूनही पाहिले होते. आधी हळू, मग जरा हसून, मग असे की जणू घड्याळात किती वाजले ते विचारतोय. शेवटी स्वतःचीच लाज वाटून तो अंघोळीला गेला.

लाज मामामुळे होती. आईचा धाकटा भाऊ, शिंप्यांना लागणारं सामान विकणाऱ्या एका दुकानात कामाला होता. दोरे, बटणं, अस्तरं. एकदा त्याने एका गिऱ्हाइकाला कोटाच्या तपकिरी कापडाला हिरवं अस्तर काढून दिलं. कापून, बांधून. महिनाभराने लाल बटणांच्या जागी भलतीच बटणं. तिसऱ्या वेळी मालकाने त्याला घरी बसवला. घरात या गोष्टीचा विनोद झाला, आणि तो करणारे होते बाबा. मामा जेवायला आला की बाबा हाताला लागेल ती वस्तू उचलून विचारायचे, मेहुणे, हे कुठल्या रंगाचं? बरणीचं झाकण, पोराची वही, खिडकीचा पडदा. मामा चुकायचा, कधी मुद्दाम चुकायचा, आणि सगळे हसायचे. मामाही हसायचा. पानावर बसलेला नऊ वर्षांचा तोही हसायचा, सगळ्यात मोठ्याने. कारण मामाने झाकण हिरवं म्हटलं तेव्हा त्यालाही ते हिरवंच दिसलं होतं, आणि हसायला एक क्षण जरी उशीर झाला असता तरी बाबांची मान त्याच्याकडे वळली असती. हा पण मामावर गेला की काय, असं बाबा कुठल्याही गोष्टीवरून म्हणायचे, तो जोडे उलटे घालतो म्हणून, दूध सांडतो म्हणून. आई काही बोलायची नाही. शाळेच्या खडूपेटीतल्या प्रत्येक खडूवर मात्र तिने रंगाचं नाव लिहिलेली चिठ्ठी चिकटवली होती, आणि कोणी विचारलं तर म्हणायची की त्याला शुद्धलेखनाची सवय व्हावी म्हणून. आई लवकर गेली. तिच्याशी या विषयावर एक शब्दही झाला नाही.

बाबा तळघरातल्या एका बिलियर्ड क्लबात मार्कर होते. मार्कर म्हणजे फळ्यावर गुण मांडणारा, पडलेले चेंडू उचलून जागच्या जागी ठेवणारा, टेबलाचं कापड झाडणारा आणि सभासदांचा खेळ कितीही भिकार असला तरी तोंड न उघडणारा माणूस. एक्केचाळीस वर्षं त्यांनी हे काम केलं. पॉकेटातून चेंडू काढताना ते खाली बघायचेसुद्धा नाहीत, पण एकदाही चेंडू चुकीच्या ठिकाणी ठेवला गेला नाही, असं क्लबात सांगायचे. सोमवारी क्लब बंद असायचा. त्या दिवशी सकाळी बाबा त्याला घेऊन जायचे, लाकडी खोक्यावर उभं करायचे आणि क्यू हातात द्यायचे. शिकवण्याची त्यांची पद्धत विचित्र होती. ते म्हणायचे, चेंडूंकडे बघू नकोस, जागा पाठ कर. कुठला चेंडू कुठे राहतो ते तुला झोपेत सांगता आलं पाहिजे. मग ते दिवा बंद करायचे, क्यूने टेबलावर टकटक करायचे आणि अंधारातून विचारायचे, इथे कोण? तो सांगायचा. त्या तळघरात त्याला जेवढं सुरक्षित वाटलं तेवढं पुन्हा कुठे वाटलं नाही. पहिल्या मोठ्या स्पर्धेला बाबा दुसऱ्या रांगेत बसले होते, इस्त्रीचा सदरा घालून, आणि दुसऱ्याच फ्रेममध्ये तपकिरी जागेवरून हलला होता. तेव्हा विचारायचं होतं. विचारलं नाही. अंदाजाने खेळला, अंदाज बरोबर निघाला, आणि मग न विचारणं अंगवळणी पडलं. एकदा गिळलेला प्रश्न दुसऱ्यांदा गिळायला सोपा जातो.

पण न विचारण्याचीही एक मेहनत असते. सोळा वर्षं तो टेबलाकडे डोळ्यांत तेल घालून पाहत आला होता. बाकीचे खेळाडू खुर्चीत बसले की छताकडे बघतात, प्रेक्षकांत ओळखीचं कोण आलंय ते शोधतात, नखं खातात. त्याला ती चैन नव्हती. तपकिरी आपल्या जागेवर असेपर्यंत सगळं ठीक. हलला की तो कुठून कुठे गेला ते मनात धरून ठेवायचं, जत्रेत पोराचा हात धरून ठेवावा तसं. आज हात सुटला होता.

दुसरी फेरी झाली. पंच बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, तसं ते कधीच नसतं, पण त्याला वाटलं की त्यांना कळलंय, आणि त्या वाट पाहताहेत. टेबलावर वरून लोंबणारा माइक होता. समोरच्या कोपऱ्यात कॅमेरा होता, त्यावर छोटा दिवा लागलेला. हे सगळं घरी दिसत होतं. घरी, दिवाणखान्यात, बाबा टीव्हीसमोर बसले असणार, मांडीवर शाल, काठी खुर्चीला टेकवलेली. आता विचारलं तर तो प्रश्न आधी माइकमध्ये जाईल, तिथून समालोचकांच्या तोंडी, आणि तिथून बाबांच्या कानात. बाबांचं आता वय झालं होतं. मामाला जाऊन बारा वर्षं झाली होती. हसायला कोणी उरलं नव्हतं. हे सगळं त्याला समजत होतं, अगदी नीट समजत होतं. त्याने पंच बाईंकडे पाहून तोंड उघडलंही. बाई किंचित पुढे झुकल्या. तो म्हणाला, "पांढरा जरा पुसून द्याल?"

बाईंनी चेंडूची जागा खुणेच्या पट्टीने पक्की केली, चेंडू उचलला, हातमोज्यात फिरवून पुसला आणि परत ठेवला. तेवढा वेळ त्याला मिळाला. त्या वेळात त्याने डोळे बारीक करून चारही चेंडूंवरची चकाकी पाहिली. गादीला चिकटलेला जरा मंद वाटत होता. जरासा जड. तपकिरी असाच दिसतो, त्याने स्वतःला सांगितलं. आणि चारांत तीन लाल आहेत, म्हणजे पॉकेटाच्या तोंडाशी असलेला लाल असण्याचीच शक्यता जास्त. एवढ्या सोप्या चेंडूला संशयाने बघणं म्हणजे नशिबाला लाथाडणं. तो वाकला. हनुवटी क्यूला लागली आणि नेहमीसारखं सगळं शांत झालं. क्यू सरळ गेला. चेंडू पॉकेटात पडला, आणि पांढरा पुढे जाऊन दोन गाद्यांना स्पर्श करत काळ्याच्या मागे, बोटभरही इकडेतिकडे न होता, त्याला हवा तिथेच थांबला. वर्षभरात त्याच्या हातून इतका सुंदर फटका गेला नव्हता.

टाळ्या वाजल्या नाहीत.

"फाउल," पंच बाई म्हणाल्या. आणि मग, जरा थांबून, "चार." दंडाचे चार गुण समोरच्याच्या खात्यात गेले.

त्याने पॉकेटाकडे पाहिलं, मग बाईंच्या हाताकडे. हातमोज्यातला चेंडू घेऊन त्या टेबलाच्या त्या टोकाला गेल्या आणि मधल्या मोकळ्या जागेवर त्यांनी तो ठेवला. प्रेक्षकांत कोणीतरी हळूच 'अरेरे' म्हटलं. बस, झालं. तो खुर्चीत येऊन बसला.

डेंटिस्ट टेबलाशी आला. पांढरा त्याच्यासाठी वाढून ठेवला होता. ज्या जागेवर तो आणायला सोळा वर्षांची तालीम लागली होती त्या जागेवरून समोरच्याला पहिला लाल सरळ दिसत होता. स्नूकरमध्ये हेच एक विलक्षण आहे. बाकी खेळांत माणूस हरतो तो धावता धावता, झगडता झगडता हरतो. इथे त्याला खुर्ची देतात, पाण्याचा ग्लास देतात, टॉवेल देतात, आणि म्हणतात, आता बघत बस. उठायचं नाही, बोलायचं नाही, चेहरा वाकडा करायचा नाही. लाल. काळा. डेंटिस्ट घाई करत नव्हता. लाल. काळा. प्रत्येक चेंडू पडला की पंच बाई बेरीज सांगायच्या, त्याच आवाजात, आणि त्याला वाटायचं की या बाई माझ्यावर दया करताहेत, आणि लगेच वाटायचं की नाही, यांना माझं काहीच नाही. गादीला चिकटलेला तिसरा लाल अवघड होता. इथे डेंटिस्ट चुकेल, अशी आशा त्याने धरली, आणि त्या आशेचीही त्याला लाज वाटली, पण त्याने ती सोडली नाही. डेंटिस्टने बराच वेळ घेतला. मग तो चेंडू गादीच्या कडेकडेने असा निमूट चालत गेला की जणू त्याला कोणी घरी बोलावलं होतं. तोच, ज्याला त्याने मंद आणि जड ठरवलं होतं. पुन्हा काळा. आता डेंटिस्ट एका गुणाने पुढे होता आणि टेबलावर फक्त रंगीत उरले होते, आपापल्या जागांवर, पाढ्यासारखे पाठ. पिवळा. हिरवा. मग तपकिरी. तो आता कोणालाही ओळखू आला असता. निळा पडला तेव्हा उरलेल्या दोन चेंडूंत भरून निघेल असं काही राहिलं नाही, आणि रीतीप्रमाणे तो उठला, हात पुढे केला, छान खेळलास म्हणाला. डेंटिस्टने त्याचा हात दोन्ही हातांत घेतला.

बाहेर बोळात एक टेबल होतं, तिथे गुणपत्रकावर सही करायची होती. सही केली. आयोजकांच्या बाईने त्याच्याकडे न पाहता गळ्यातला पास परत मागितला. फेरीतून बाहेर पडलेल्या सगळ्यांचाच मागतात, त्यात विशेष काही नव्हतं, पण तो डोक्यावरून काढताना दोरी बो टायमध्ये अडकली आणि ती सोडवायला त्याला फार वेळ लागला. भिंतीवरच्या पडद्यावर समालोचक सांगत होते की आयुष्यात पहिल्यांदाच याने घाई केली. दुपारचे साडेतीन वाजले होते. शेजारच्या हॉलमधून दुसऱ्या मॅचच्या टाळ्या येत होत्या. पुढच्या आठवड्यात सकाळी उठून काय करायचं, हा विचार त्याच्या मनात आला आणि त्याला साधी भीतीसुद्धा वाटली नाही.

फोन वाजला. बायको होती. हरलास म्हणून ती काही बोलली नाही. आवाज खाली आणून, दुसऱ्या खोलीत गेल्यासारखी ती बोलायला लागली. ती म्हणाली की तू टेबलाभोवती दुसऱ्यांदा फिरलास तेव्हाच बाबा खुर्चीतून उठले. काठी न घेता. टीव्हीच्या इतके जवळ गेले की पडतील असं वाटलं म्हणून मी धावले.

"तू वाकलास ना, तेव्हा ओरडले ते," ती म्हणाली. "अरे तो ब्राउन आहे, विचार तिला, विचार. पडद्यावर हात मारत होते."

तो भिंतीला टेकला. मग त्याने विचारलं, "तू सांगितलं होतंस त्यांना?"

"मी नाही सांगितलं. शप्पथ. मला वाटलं तू कधीतरी बोलला असशील."

पलीकडे काहीतरी सरकल्याचा आवाज आला, काठी टेकल्याचा, आणि बायको म्हणाली की ते आले, त्यांना फोन हवाय. फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेला. बाबांना फोनवर बोलायची सवय नव्हती. त्यांनी विचारलं, जेवलास का. तो म्हणाला, जेवेन. त्यांनी विचारलं, कंबर कशी आहे. तो म्हणाला, बरी आहे. मग ते म्हणाले की समोरचा पोरगा चांगला खेळला, त्याचा तिसरा लाल फार सुरेख होता, त्यांच्या क्लबात तो कोणाला जमला नसता. तो हो म्हणाला. दारामागे पुन्हा टाळ्या झाल्या आणि थांबल्या.

"तो बॉल," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज बसला होता, ओरडून बसतो तसा. "मधल्या पॉकेटवरचा. मला तर तो लालच दिसला रे."

त्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तीस वर्षांचं सगळं एकदम जिभेवर आलं, मामा आणि खडूपेटी आणि ते अंधारातलं टकटक करणं, आणि त्यातलं काहीही तोंडाबाहेर पडेना. आता म्हणावं, बाबा, तुम्हाला माहीत होतं. एवढंच म्हणायचं होतं. यासाठी नियमांचं पुस्तक लागत नव्हतं, पंच लागत नव्हता, माइक नव्हता, कोणी ऐकत नव्हतं.

"हो बाबा," तो म्हणाला. "तिथला उजेडच तसा होता."

"तेच म्हणतो मी," बाबा म्हणाले. आणि मग दोघांपैकी कोणीच फोन ठेवेना.